घरचे इतका जीव लावतात, तरी तरुण मुलं टोकाचं पाऊल का उचलतात? आपले संस्कार कमी पडतात का?

संस्कार कमी पडतात असं मला वाटत नाही. मी ज्या मुलांना रोज बघतो, त्यांच्यात आईवडिलांच्या कष्टांची जाण काठोकाठ भरलेली असते आणि काहींच्या बाबतीत धोका नेमका तिथेच असतो.

लालबागमधल्या एका मंडळाच्या अभ्यासिकेची संध्याकाळची देखरेख माझ्याकडे असते. एमपीएससी, बँक, सीए करणारी पोरं येतात, कारण घरी एका खोलीत पाच माणसं आणि चालू टीव्ही. निकालाच्या दिवशी यादीत नाव न आलेला मुलगा हुकलेल्या नोकरीबद्दल फारसं बोलतच नाही. 'पप्पांना काय तोंड दाखवू? आईनं माझ्यासाठी गळ्यातलं गहाण टाकलंय,' हेच पुन्हा पुन्हा. एकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी घरच्यांनी त्याच्यावर केलेल्या खर्चाचा हिशेब पाहिला. क्लासची फी, पुस्तकं, लोकलचा पास, चष्मा. चष्मासुद्धा! त्याला हा हिशेब कुणीही मागितला नव्हता. पण 'आम्ही तुझ्यासाठी किती खस्ता खाल्ल्या' हे लहानपणापासून ऐकलेल्या मुलाला माया आणि कर्ज यांतला फरक कळेनासा होतो.

थॉमस जॉइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली मांडलं की आपलं कुणी नाही आणि आपण आपल्याच माणसांवर भार झालोय, या दोन भावना एकत्र आल्या की मरणाचा विचार बळावतो. आपल्याकडे पहिलीपेक्षा दुसरी मला जास्त दिसते. म्हणूनच एखादा मुलगा गेल्यावर 'स्वार्थी निघाला, आईबापाचा विचार केला नाही' असं कुणी बोललं की माझा संताप होतो. विचार करकरूनच तो थकलेला असतो. 'मी नसलो तर हे तरी सुटतील' हा दुखावलेल्या मनाचा हिशेब असतो आणि तो साफ चुकीचा असतो. ज्या घरांवर हा घाला पडला ती मी पाहिली आहेत. त्यांतलं एकही सुटलेलं नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या आहेत. महाराष्ट्रात 22,746, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. कारणांमध्ये 'कौटुंबिक समस्या' सर्वांत वर, जवळपास 32 टक्के. परीक्षेतलं अपयश दीड टक्क्याच्याही आत. अर्थात पोलीस एकच कारण लिहितात. खरं तर नैराश्य, पैसा, व्यसन, मोडलेलं प्रेम, घरचं बोलणं असं बरंच काही एकात एक गुंतलेलं असतं.

आणि हेच संस्कार वाचवतातही. 'आईचं काय होईल' या एका विचाराने कितीतरी जण मागे फिरतात. माझ्या मते प्रश्न एवढाच, की वाईट बातमी घेऊन घरी जाता येतं का? आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. गावभर चर्चा. तिच्या वडिलांनी फोनवर फक्त म्हटलं, 'तू आधी घरी ये, जेव, लोकांना मी बघतो.' ती सावरली. दुसऱ्या घरात तेव्हाच 'आता नातेवाइकांना काय सांगायचं?' विचारतात. मुलगा असेल तर वर 'बाईसारखा रडतोस काय' हेही.

तुम्ही लिहिलंय की तुमचा मावसभाऊ सारखं 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' म्हणतो. हे हलक्यात घेऊ नका. एकटा गाठा आणि सरळ विचारा, 'जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं वाटतं का रे?' विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं हा गैरसमज आहे. उलट बोलता आल्याने माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर उपदेश नको, शपथा नकोत, आईची आठवण काढून देणं तर मुळीच नको, आधीच भार वाटणाऱ्याला ते आणखी दडपण होतं. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या एका समजूतदार माणसाला सांगा आणि मुंबईतल्या केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयात मानसोपचार विभागात स्वतः बरोबर जा. केसपेपर तुम्हीच काढा. रात्री-अपरात्री वाटलं तर थेट कॅज्युअल्टीत न्या. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. खोलीत सगळ्यांसमोर त्याला बोलता येणार नाही, तेव्हा फिरायला म्हणून खाली न्या आणि तिथून लावून द्या.

'पोलीस केस होईल' म्हणून बरीच घरं दवाखाना टाळतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. मावशींना हे आधीच सांगून ठेवा. आणि पहिल्यांदा 'काही नाही रे, ठीक आहे' म्हणाला तरी परवा पुन्हा विचारा.