खालाची मुलगी १६ वर्षांची आहे, निकाह ठरलाय. अडवता येईल का?

तुम्ही विचारलंय की खालाच्या (मावशीच्या) १६ वर्षांच्या मुलीचा पुढच्या महिन्यात गडहिंग्लजजवळच्या गावात निकाह आहे, घरचे म्हणतात शरियतमध्ये चालतं, तर अडवता येईल का. येईल. मी कोल्हापुरात वकिली करते, मुसलमान आहे, आणि "शरियतमध्ये चालतं" हे कितीतरी अब्बांच्या तोंडून ऐकलंय.

मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात मुलगी बालिग झाली, म्हणजे वयात आली, की निकाहयोग्य. पुरावा नसेल तर वय १५ धरतात. पण हनफी मतानुसार (सुन्नींच्या चार विचारपंथांपैकी एक) बालिग मुलीचा होकार नसेल तर बापालाही तिचा निकाह लावता येत नाही. घोडं अडतं ते होकारावरच, कारण कुमारिकेचं गप्प राहणं होकार मानलं जातं. निकाहाचा वकील (होकार विचारायला येणारा प्रतिनिधी, कोर्टातला नव्हे) आणि दोन साक्षीदार आतल्या खोलीत येतात, भोवती फुफ्या, चाच्या, बाहेर बिर्याणीचे हंडे चढलेले, आणि पोर मान खाली घालून बसलेली. त्या गप्प बसण्याला माझं मन होकार म्हणत नाही. कुराणातल्या सूरह निसाची सहावी आयत अनाथांची मालमत्ता त्यांच्या हाती देण्याआधी लग्नाच्या वयासोबत समजही आली का, हे पाहायला सांगते. पैशाला समज लागते, मग आयुष्याला नको?

लग्नाला किमान वय ठरवणं हे बाहेरचं खूळ आहे म्हणणाऱ्यांना सांगा: मोरोक्कोने २००४ साली मुलींचं वय १८ केलं (न्यायाधीशाच्या परवानगीची पळवाट ठेवून), इंडोनेशियाने २०१९ साली १९. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या १९७९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बालविवाहाला कायदेशीर मान्यताच नाही. भारताने तो १९९३ साली स्वीकारला.

आपल्याकडे २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीचं वय १८ ठरवतो. तो व्यक्तिगत कायद्यावर मात करतो का, यावर उच्च न्यायालयांचे निकाल वेगवेगळे आहेत, म्हणून लग्नाआधीच हालचाल करा. न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळतो. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. १०९८ वर फोन करा किंवा गावच्या ग्रामसेवकाला गाठा, तेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. खालाला हेही सांगा की सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर १८ वर्षांखालच्या बायकोशी संबंध हा बलात्कार आहे. तुरुंगात जावई जाईल.

या सगळ्याआधी मुलीला एकटीला भेटा, क्लासच्या वाटेवर, गच्चीवर, कुठंही. तिला आजवर कुणी काही विचारलंय का, ते तिच्याकडूनच ऐका. आणि तिच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा; वयाचा पुरावा म्हणून पहिल्यांदा तोच मागतात.