वाचकांचे प्रश्न : ग्रिडमधली ओळ लाल का होत नाही?

या वेळी कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले प्रश्न बहुतेक एकाच विषयाचे आहेत : एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स (वेब पाने बनवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत) यातल्या सर्व्हर कंट्रोलना, म्हणजे सर्व्हरवर तयार होणाऱ्या लेबल, टेक्स्टबॉक्स, यादी अशा घटकांना, कोडमधून सीएसएस (पानाचे रंगरूप ठरवणारे नियम) लावणे. वेब फॉर्म्स २००२ पासून आहे. नंतरच्या डॉट नेट कोअरमध्ये ते घेतले गेले नाही. तरी डॉट नेट फ्रेमवर्कवर चालणारे प्रोग्रॅम रोजच्या कामात आहेत आणि ते धड चालते ठेवणे हे मोलाचे काम आहे.

उत्तरे वाचण्याआधी एक गोष्ट पक्की धरा. ब्राउझरला तुमचा कंट्रोल दिसत नाही, त्यातून तयार झालेला टॅग दिसतो. लेबलचा स्पॅन होतो, पॅनेलचा डिव्ह, ग्रिडव्ह्यूचा (पुढे नुसते ग्रिड; ओळी-रकान्यांची यादी दाखवणारा कंट्रोल) टेबल. म्हणून काही बिघडले की आधी ‘व्ह्यू पेज सोर्स’ उघडून टॅगवर खरोखर काय लिहून आले आहे ते बघा. कोडमधली नावे इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. त्यांतल्या जोडरेषा वाचायला सोपे जावे म्हणून घातल्या आहेत, टाइप करताना त्या घेऊ नका; फक्त सीएसएसच्या ‘एनथ-चाइल्ड’मधली जोडरेषा खरी आहे, ती टाइप करा.

प्रश्न : आमच्या दूध संस्थेच्या संकलन यादीत गाईच्या दुधाची फॅट ३.५ च्या खाली असेल ती ओळ लाल दिसायला हवी. ‘रो-डेटा-बाउंड’मध्ये (ग्रिडच्या प्रत्येक ओळीत माहिती भरली जाते तेव्हा चालणारा कोड) ओळीच्या ‘सीएसएस-क्लास’ला (सीएसएसचा नियम ज्या नावावरून लागतो ते) ‘कमीफॅट’ हे नाव जोडतो. सोर्समध्ये क्लास दिसतो, पण ओळ लाल होत नाही. शिवाय अशा ओळींवरचा एक-आड-एक पट्ट्यांचा क्लासही निघून जातो. — वाचक, करवीर तालुका

उत्तर : इथे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत. सोर्समध्ये त्या ओळीचा टीआर टॅग (टेबलची एक ओळ) नीट बघा. क्लासच्या शेजारीच ‘स्टाइल’ असे लिहून त्यात बॅकग्राउंड कलर दिलेला असेल, तर तो डिझायनरमधल्या ‘ऑटो फॉरमॅट’चा परिणाम आहे. ऑटो फॉरमॅट ‘रो-स्टाइल’ आणि ‘आल्टरनेटिंग-रो-स्टाइल’ यांच्यात ‘बॅक-कलर’ भरून ठेवतो आणि तो थेट टॅगवर उतरतो. टॅगवर लिहिलेली स्टाइल फाइलमधल्या साध्या नियमावर नेहमीच मात करते. नियमाला जबरदस्तीने वरचढ करणारा ‘इम्पॉर्टंट’ लावून भांडत बसू नका. मार्कअपमधले सगळे ‘बॅक-कलर’, ‘फोर-कलर’ काढून टाका आणि त्या जागी फक्त क्लासची नावे ठेवा. कोडमध्येही ‘बॅक-कलर’ला रंग देऊ नका. उद्या संस्थेने लालऐवजी केशरी मागितला तर सीएसएसची एक ओळ बदलून काम व्हायला हवे, प्रोग्रॅम पुन्हा बिल्ड करावा लागू नये.

आता पट्ट्या. तुम्ही क्लास ‘प्लस इक्वल’ने जोडता, म्हणजे आधीचा क्लास शाबूत राहील असे वाटते. पण ‘रो-डेटा-बाउंड’ चालतो तेव्हा ओळीचा ‘सीएसएस-क्लास’ रिकामाच असतो. ‘रो-स्टाइल’मधला क्लास ग्रिड अगदी शेवटी, पान रेंडर होताना (त्याचे टॅग लिहिले जाताना) ओळीला देतो, आणि तोही ‘मर्ज-स्टाइल’ने. मर्जची रीत अशी की जो गुण रिकामा आहे तेवढाच भरायचा. तुमच्यामुळे क्लास आधीच भरलेला, म्हणून पट्टीचा क्लास बाहेर राहतो. मात्र ‘बॅक-कलर’ रिकामा असल्याने तो भरला जातो. रंग ऑटो फॉरमॅटचा आणि क्लास तुमचा, असे विचित्र मिश्रण त्यातूनच होते.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे पट्ट्या ग्रिडकडून काढून सीएसएसकडे द्या. ग्रिडच्या ‘सीएसएस-क्लास’मध्ये ‘यादी’ ठेवा आणि फाइलमध्ये ‘.यादी टीआर:एनथ-चाइल्ड(इव्हन) टीडी’ असा नियम लिहा (टीडी म्हणजे ओळीतला एक चौकोन; नियम एक-आड-एक ओळींना लागतो). शीर्षकाची ओळही टेबलच्या त्याच भागात मोजली जाते. ती वेगळी काढायची तर ग्रिडच्या ‘प्री-रेंडर’मध्ये (रेंडर होण्याआधी चालणारा कोड) ‘हेडर-रो’च्या ‘टेबल-सेक्शन’ला ‘टेबल-हेडर’ द्या, म्हणजे ती टीहेड या वेगळ्या भागात जाईल. त्या दिवशी संकलनच नसेल आणि यादी रिकामी आली तर ‘हेडर-रो’ नल, म्हणजे नसलेला, असतो, तेवढी तपासणी आधी लावा.

लाल ओळीचा नियम लिहिताना नुसते ‘.कमीफॅट’ पुरणार नाही. पट्टीच्या नियमात एक क्लास, एक स्यूडो-क्लास (‘एनथ-चाइल्ड’) आणि दोन टॅग आहेत, त्याचे वजन जास्त भरते. ‘.यादी टीआर.कमीफॅट टीडी’ असे लिहा. यात दोन क्लास आणि दोन टॅग, म्हणजे दोन्ही नियम बरोबरीचे झाले. बरोबरीत जो खाली लिहिलेला तो जिंकतो, म्हणून हा नियम पट्टीच्या खाली ठेवा. रंग टीडीला देण्याचे कारण असे : टीडीला स्वतःचा रंग असेल तर टीआरचा रंग त्याच्या मागे झाकला जातो.

फॅट कशी वाचता तेही तपासा. ‘सेल्स’मधला मजकूर वाचू नका. टेम्प्लेट फील्ड (रकान्यात स्वतःचे कंट्रोल ठेवलेले) असेल तर तो रिकामा येतो, बाउंड फील्डमध्ये रिकाम्या जागी ‘एनबीएसपी’ (रिकाम्या जागेचा कोड) येतो. ‘रो-टाइप’ हा ‘डेटा-रो’ आहे ना ते आधी बघा, कारण शीर्षकाच्या ओळीला ‘डेटा-आयटम’ नसतो. मग ‘डेटा-बाइंडर’च्या ‘इव्हॅल’ने मूल्य घ्या, ते ‘डीबी-नल’ (डेटाबेसमधली रिकामी नोंद) नाही याची खात्री करा आणि डेसिमलमध्ये बदला. मजकूर म्हणून तुलना केली तर म्हशीची १०.२ फॅट ३.५ पेक्षा लहान ठरेल, कारण अक्षरांच्या क्रमात १ आधी येतो. सी शार्पमध्ये ३.५ च्या पुढे ‘एम’ अक्षर लावा. नाहीतर तो आकडा डबल, म्हणजे वेगळ्या प्रकारचा, धरला जातो आणि डेसिमलशी तुलना कंपाइलच होत नाही. आणि ३.५ ची अट फक्त गाईच्या दुधाला लावा, म्हशीसाठी वेगळा आकडा ठेवा.

प्रश्न : पतसंस्थेच्या खाते फॉर्ममध्ये चुकलेल्या टेक्स्टबॉक्सला ‘चूक’ क्लास लावतो. कधी लागतच नाही, आणि लागला तर सोर्समध्ये ‘चूक चूक चूक’ असे तीनदा दिसते. दुरुस्त केल्यावरही लाल चौकट जात नाही. — वाचक, इचलकरंजी

उत्तर : तीनदा दिसतो तो व्ह्यूस्टेटमुळे (कंट्रोलची स्थिती पानातच साठवण्याची सोय). कोडमधून बदललेला ‘सीएसएस-क्लास’ पुढच्या पोस्टबॅकला (पान सर्व्हरकडे जाऊन परत येताना) परत येतो आणि त्यावर तुम्ही पुन्हा जोडता. क्लास जोडण्याऐवजी दर वेळी पूर्ण लिहा : बरोबर असेल तर ‘खाना’, चूक असेल तर ‘खाना चूक’.

कधी लागतच नाही, कारण बटणाचा कोड चालतच नाही. व्हॅलिडेटर (भरलेले तपासणारा कंट्रोल) ब्राउझरमध्येच चूक पकडतो आणि फॉर्म सर्व्हरकडे जाऊ देत नाही. सर्व्हरवरून क्लास द्यायचा असेल तर त्या व्हॅलिडेटरचे ‘एनेबल-क्लायंट-स्क्रिप्ट’ फॉल्स करा.

बटणाच्या क्लिकमध्ये दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत ‘पेज’च्या ‘व्हॅलिडेटर्स’मधल्या प्रत्येकाचे ‘कंट्रोल-टू-व्हॅलिडेट’ घेऊन तो टेक्स्टबॉक्स साध्या ‘खाना’वर आणा. दुसऱ्या फेरीत ज्याचे ‘इज-व्हॅलिड’ फॉल्स आहे त्यालाच ‘खाना चूक’ द्या. एकाच फेरीत उरकू नका. खाते क्रमांकावर दोन व्हॅलिडेटर असतील, एक ‘भरलाच पाहिजे’चा आणि एक ‘फक्त आकडे’चा, तर रिकाम्या खान्यावर पहिला नापास होऊन चौकट लाल करतो. दुसरा मात्र रिकाम्याला पास करतो आणि चौकट परत साधी करून टाकतो. टेक्स्टबॉक्स शोधताना पानाचा ‘फाइंड-कंट्रोल’ न वापरता व्हॅलिडेटरच्या ‘नेमिंग-कंटेनर’चा वापरा, मास्टर पेज (सगळ्या पानांचा समाईक साचा) असले तरी सापडेल. ‘पेज’चे ‘इज-व्हॅलिड’ पेज लोडमध्ये विचारू नका. तोवर तपासणी झालेली नसते आणि एरर येते.

प्रश्न : चेकबॉक्सला दिलेला क्लास चेकबॉक्सला न लागता भोवतीच्या स्पॅनला का लागतो? — वाचक, गडहिंग्लज

उत्तर : त्या कंट्रोलची घडणच तशी आहे. आत इनपुट आणि लेबल, बाहेर स्पॅन, आणि ‘सीएसएस-क्लास’ स्पॅनचा. खुद्द चौकोनाला क्लास द्यायचा तर कोडमध्ये ‘इनपुट-ॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘क्लास’ भरा, मजकुरासाठी ‘लेबल-ॲट्रिब्यूट्स’ आहे. साध्या एचटीएमएल टॅगला ‘रनॲट सर्व्हर’ लावून वापरत असाल तर तिथे ‘सीएसएस-क्लास’ नसतोच, ‘ॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘क्लास’ भरावा लागतो. एकाच वेब कंट्रोलवर मात्र दोन्ही रीती वापरू नका. टॅगवर क्लास दोनदा लिहिला गेला तर ब्राउझर पहिला धरतो आणि दुसरा सोडून देतो.

प्रश्न : गूळ अडतीच्या सौदापट्टीत खरेदीदारांची ड्रॉपडाउन आहे. खाते बंद असलेली नावे करड्या रंगात दाखवली, पण सेव्ह केल्यावर पान परत आले की सगळी काळीच. — वाचक, शाहूपुरी

उत्तर : ‘लिस्ट-आयटम’चा मजकूर आणि मूल्य व्ह्यूस्टेटमध्ये राहते, त्याचे ‘ॲट्रिब्यूट्स’ राहत नाहीत. यादी फक्त पहिल्या वेळी बाइंड केली (माहितीशी जोडली) की रंग पहिल्याच वेळी दिसणार. बंद खात्यांचे कोड एका स्ट्रिंग ॲरेमध्ये घालून तो व्ह्यूस्टेटमध्ये ठेवा. ड्रॉपडाउनच्या ‘प्री-रेंडर’मध्ये दर वेळी सगळ्या आयटमवर फिरून ज्याचे मूल्य त्यात सापडेल त्याच्या ‘ॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘क्लास’ भरा. मोबाइलवर ब्राउझर स्वतःच्या पद्धतीची यादी उघडतो, तिथे हे रंग बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे नावापुढे ‘बंद’ हा शब्दही घाला. आणि रंगावर विसंबू नका : सौदा सेव्ह करताना खाते चालू आहे का ते सर्व्हरवर पुन्हा तपासा. करडे नाव निवडता येतेच.

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीसाठी प्रोग्रॅम आहे. प्रत्येक युनिटला वेगळी सीएसएस फाइल कोडमधून जोडायची आहे. ‘पेज’च्या ‘हेडर’मध्ये लिंक घातली की ‘कंट्रोल्स कलेक्शन बदलता येत नाही, कारण त्यात कोड ब्लॉक आहेत’ अशी एरर येते. — वाचक, शिरोली

उत्तर : हेड टॅगमध्ये कुठेतरी टक्क्याच्या चिन्हांतला कोड लिहिलेला आहे, बहुतेक स्क्रिप्टचा पत्ता काढण्यासाठी. असा कोड असलेल्या कंट्रोलमध्ये नवा कंट्रोल घालता येत नाही. मास्टर पेजच्या हेडमध्ये, मुख्य सीएसएसच्या लिंकनंतर, एक रिकामा ‘प्लेस-होल्डर’ ठेवा आणि ‘एचटीएमएल-लिंक’ त्याच्यात घाला. त्याच्या आत कोड ब्लॉक नाही, त्यामुळे अडत नाही. मुख्य फाइलनंतर आल्याने बरोबरीच्या नियमांत युनिटची फाइल वरचढ ठरते, हा मोठा फायदा.

‘एचरेफ’ला टिल्डने (~) सुरू होणारा पत्ता चालतो. ‘ॲट्रिब्यूट्स’मध्ये ‘रेल’ला ‘स्टाइलशीट’ हे मूल्य द्यायला विसरू नका. ते राहिले की एरर येत नाही, फाइल नुसती लागत नाही, आणि शोधण्यात वेळ जातो. ही लिंक दर विनंतीला, पोस्टबॅकलाही, घालावी लागते. ‘इज-पोस्टबॅक’ची अट लावली तर पहिल्या क्लिकनंतर रंग उडतील.

फाइल बदलली तरी जुनेच रूप दिसत असेल तर ब्राउझरने जुनी प्रत धरून ठेवली आहे. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, ‘व्ही’, बरोबरचे चिन्ह आणि फाइल शेवटची बदलल्याच्या वेळेचे ‘टिक्स’ (ती वेळ दाखवणारा आकडा) जोडा. फाइल बदलली की पत्ता बदलतो आणि नवी प्रत उतरते. युनिटचे नाव पानाच्या पत्त्यातून घेऊन थेट फाइलच्या नावात घालू नका. लॉगिन झालेल्या माणसाचे युनिट घ्या, त्यावरून ठरावीक यादीतले फाइलनाव निवडा, आणि यादीत नसेल तर मुख्य फाइलवरच थांबा.