ब्लँकमधला फिकट बँड आणि माझ्या हरवलेल्या सहा नळ्या

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. दोन ऋतूंमधली माती, तिच्यातल्या बुरशी ओळखायला आयटीएस हा डीएनएचा तुकडा, एक्सट्रॅक्शन ब्लँकमध्ये (माती न घालता डीएनए काढायची सगळी कृती केलेली नळी) जेलवर फिकट बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा, आणि वर डीएनएचा क्रम वाचून देणाऱ्या सीक्वेन्सिंग केंद्राचं म्हणणं की रिकाम्या नळ्या पाठवू नका, उगाच जागा अडते. ब्लँक वगळले तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. काही वर्षांपूर्वी हे मीही विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही आणि माझ्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी परस्पर ठरवून टाकलं.

प्रायमर (डीएनएच्या प्रती सुरू करून देणारे छोटे तुकडे), किट (डीएनए काढायच्या रसायनांचा संच), जेल (डीएनए लांबीप्रमाणे वेगळा करणारा थर) यांत शिरत नाही. इथवर पोचलात म्हणजे ते येतंच असणार.

माझी प्लेट ९६ खणांची होती. ८८ मातीचे नमुने, ४ एक्सट्रॅक्शन ब्लँक, २ पीसीआर ब्लँक (पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवणं; यात नमुन्याऐवजी नुसतं पाणी) आणि ओळखीच्या बुरशींचं मिश्रण घातलेले २ मॉक. केंद्राच्या फॉर्मवर डीएनएच्या सांद्रतेचा रकाना होता. ब्लँकसमोर मी प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. किमान सांद्रतेत न बसणारी नळी त्यांच्याकडे आपोआप नापास होते, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सहाही ब्लँक गुपचूप बाजूला गेले. निकाल आल्यावर फायली मोजायचंसुद्धा मला सुचलं नाही. ९६ नळ्या गेल्या होत्या, नमुने आणि मॉक मिळून ९० आल्या. एका ओळीच्या कमांडचं काम होतं ते.

सात महिन्यांनी पेपरच्या परीक्षकाने विचारलं, नियंत्रणांचे, म्हणजे ब्लँकचे, रीड्स (वाचलेले डीएनएचे क्रम) कुठे आहेत? केंद्राला मेल केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "नमुने गुणवत्ता चाचणीत अनुत्तीर्ण." अहो, ब्लँक अनुत्तीर्ण व्हावा म्हणूनच तर तो ठेवतात! पुन्हा मेल केला, तर दुसऱ्याच कुणाचं उत्तर आलं की साठवणीची मुदत संपल्यामुळे उरलेलं सगळं फेकून दिलंय. बिल मात्र ९६ चंच होतं.

केंद्राला मनसोक्त शिव्या घालून झाल्यावर उरली ती माझी स्वतःची चूक, आणि तीच जास्त महागात पडली. कोरड्या ऋतूतल्या नमुन्यांचा डीएनए ते आले तसा एका आठवड्यात काढून मोकळी झाले. ओल्या ऋतूतल्यांचा पाच महिन्यांनी काढला, किटच्या नव्या खोक्यातून. म्हणजे जिथे ऋतू बदलला, नेमकं तिथेच खोकंही बदललं. आलेखावर नमुन्यांचे दोन सुटे, देखणे पुंजके उमटले आणि आम्ही हरखून गेलो. परीक्षकाचा पुढचा प्रश्न असा होता: हे पुंजके ऋतूंचे की खोक्यांचे? याला कुठलंच संख्याशास्त्र उत्तर देऊ शकत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकमेकींना घट्ट बांधलेल्या. ब्लँक असते तर निदान कुठल्या खोक्यातून काय आलं ते तरी दिसलं असतं.

किटमधूनही डीएनए येतो हे खूप जणांना अजून अंधश्रद्धेसारखं वाटतं. २०१४ साली साल्मोनेलाचं शुद्ध संवर्धन टप्प्याटप्प्याने पातळ करत हे दाखवून झालंय. जितकं पातळ, तितके किटमधले परके जिवाणू वरचढ. ते काम जिवाणूंवरचं होतं, पण बुरशीला वेगळा न्याय लागू व्हायचं काही कारण मला दिसत नाही. मातीत डीएनए भरपूर असतो म्हणून धोका कमी, हे एरवी खरं आहे. पण मातीतल्या ह्युमिक आम्लांनी पीसीआर अडतो म्हणून आपणच तो डीएनए दहापट पातळ करतो, म्हणजे पीसीआरच्या रसायनांतल्या भेसळीला वाव मिळतो, आणि खोल थरांतल्या मातीत मुळातच कमी असतो. (तुमचा अर्क तपकिरी दिसत असेल तर पीसीआरमध्ये बीएसए (ह्युमिक आम्लांचा अडथळा कमी करणारं प्रथिन) घालून बघा. आणि डीएनए मोजताना नॅनोड्रॉप या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका, क्यूबिट या यंत्राने मोजा.)

तुमच्या जागी मी असते तर उरलेल्या नमुन्यांचा डीएनए दोन्ही ऋतूंचे नमुने एकाच खेपेत आलटूनपालटून घेऊन, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवून काढला असता. दर खेपेला एक ब्लँक, आणि तो शेवटपर्यंत, म्हणजे सीक्वेन्सिंगपर्यंत. आता तर मी लायब्ऱ्या (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला, टॅग लावलेला प्रत्येक नमुन्याचा डीएनए) स्वतःच एकत्र करून एकच नळी पाठवते, म्हणजे त्यातून काही वगळायची कोणाची टापच नाही. ब्लँकची सांद्रता इतरांशी जुळवायला जाऊ नका. सर्वसाधारण नमुन्याचं जितकं घनफळ घालता तितकंच त्याचं घाला. मिश्रण केंद्रच करणार असेल तर "नापास झाले तरी चालवा" हे लेखी घ्या. फोनवरच्या "हो हो"ला काही अर्थ नसतो.

एक उलटी चूकही आहे. ब्लँकमध्ये जे जे दिसलं ते सगळीकडून पुसून टाकायचं, हे करू नका. टॅग, म्हणजे नमुना ओळखायला डीएनएला जोडलेली खूण, एका नमुन्यातून दुसऱ्यात उडी मारतात, त्यामुळे तुमच्या मातीत भरभरून असलेली मॉर्टिएरेला ही बुरशी ब्लँकमध्येही थोडी डोकावणारच. तिला हाकललंत तर घरचीच माणसं घालवल्यासारखं होईल. दोन्ही टोकांना प्रत्येक नमुन्याचा स्वतंत्र टॅग ठेवला तर हा त्रास बराच कमी होतो. मालासेझिया माणसाच्या त्वचेवरचं यीस्ट, म्हणून दिसली की उडवा, असंही ऐकाल. पण तिचा डीएनए मातीत आणि समुद्रातल्या गाळातही सापडलेला आहे. नुसत्या नावावरून निकाल देता येत नाही.

माझा पेपर अर्धाच बचावला. लायब्ऱ्या एकत्र करण्याआधीच्या सांद्रतेचे आकडे वहीत होते, म्हणून डीकॉन्टॅम या भेसळ ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची वारंवारतेवरची पद्धत वापरता आली. नमुन्यात डीएनए जितका कमी तितका भेसळीचा वाटा जास्त, हे तिचं सूत्र, आणि त्याला ब्लँक लागत नाहीत. भेसळ बरीचशी निघाली, पण ऋतूंचा दावा मागे घ्यावा लागला. मी संख्याशास्त्रज्ञ नाही, तेव्हा ही पद्धत तुमच्या विदेला (डेटाला) लागू पडते का हे कुणा जाणकाराला दाखवून घ्या. तसंही मातीत मेलेल्या बुरशीचा डीएनए बराच काळ टिकतो, त्यामुळे ऋतूंमधला फरक खरा असला तरी पुसट दिसतो. आता वाटतं, माझे ते पुंजके जरा जास्तच देखणे होते.

बाकी, इथेनॉलमध्ये ठेवलेल्या नळ्यांवर मार्करने लिहू नका, पुसलं जातं. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाका.

आणि हे सांगा, तुमच्या ब्लँकमधला बँड किती लांबीचा आहे? १०० बेसजोड्यांच्या खाली असेल तर तो बहुधा प्रायमर डायमर, म्हणजे प्रायमरच एकमेकांना चिकटून झालेला तुकडा, आहे. नमुन्यांच्याच उंचीवर असेल तर जेलचा फोटो टाका, आणि त्या दिवशी किटच्या कुठल्या खोक्यातून डीएनए काढला होता तेही लिहा.