जहाजावरच्या सेमिस्टरमध्ये सुट्टीच्या दिवशी करायचं काय?

तुम्ही विचारलंय की ‘सेमिस्टर ॲट सी’ला (जहाजातून देशोदेशी फिरत कॉलेजचं एक सत्र शिकायचं, तो कार्यक्रम) गेल्यावर भर समुद्रात सुट्टी मिळते का, आणि मिळालीच तर जहाजावर अडकून माणूस कंटाळत नाही का. मी अमेरिकेत शिकत असताना, कोविडच्या आधीच्या एका वसंत सत्रात गेले होते. सुट्टी मिळते, पण शनिवार-रविवार विसरा. कंटाळाही येतो. तो येऊ द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी तिथलं वेळापत्रक समजून घ्या. वर्ग फक्त जहाज चालत असताना भरतात, बंदराला लागलं की बंद. समुद्रावरचे दिवस आलटून पालटून ‘ए’ आणि ‘बी’. ए-डेला अर्धे विषय, बी-डेला उरलेले, आणि ग्लोबल स्टडीज सगळ्यांना सक्तीचा. थोड्याच दिवसांत आज मंगळवार की गुरुवार हे कोणालाच सांगता येत नाही, ‘आज बी-सात’ एवढं मात्र झोपेतही सांगता येतं. होनोलुलूहून जपानमधल्या कोबेला जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली तेव्हा एक अख्खी तारीख गायब झाली. तिचीही सुट्टी धरली नाही, ए नंतर बी आलाच.

घरच्यांना वाटतं बंदरातले दिवस म्हणजे सुट्टी. आई फोनवर म्हणायची, “आता चार दिवस वर्ग नाहीत ना, मग झोप काढ.” झोप कसली! प्रत्येक विषयाचा एक फील्ड क्लास, म्हणजे बाहेर जाऊन करायचा वर्ग, कुठल्या तरी बंदरात असतो, तो चुकवता येत नाही. उरलेल्या वेळात रात्रीच्या बस, बाजार, देवळं. परतायची वेळ ठरलेली असते आणि ती चुकली तर पुढच्या बंदरात काही तास जहाजावरच बसवून ठेवतात, त्याला ‘डॉक टाइम’ म्हणतात. कोचीत तर माझे अमेरिकन मित्रमैत्रिणी मला हक्काची गाईड समजून चालले होते. मल्याळम मला ओ की ठो कळत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

म्हणजे जहाजावरची खरी सुट्टी एकच, ‘स्टडी डे’. नाव अभ्यासाचं, वर्ग एकही नाही. ‘सी ऑलिंपिक्स’च्या दिवशीही वर्ग नसतात, पण तो दिवस आरडाओरड्याचा. केबिनच्या रांगांनुसार सगळ्यांचे गट पाडतात, गटांना समुद्रांची नावं देतात आणि रस्सीखेचीपासून प्रश्नमंजुषेपर्यंत सगळं चालतं. जिंकणाऱ्या गटाला शेवटच्या बंदरात सगळ्यांच्या आधी उतरायला मिळतं. हे बक्षीस फुटकळ वाटेल, पण सामानासकट रांगेत उभं राहायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

मला सगळ्यात आवडलेला टप्पा कोची ते मॉरिशसचा. सुमारे २,१०० सागरी मैल, जवळजवळ सहा दिवस नुसतं पाणी. मध्ये विषुववृत्त लागतं, म्हणून ‘नेपच्यून डे’. सकाळी सकाळी क्रूची मंडळी थाळ्या-ढोल बडवत कॉरिडॉरमधून फिरतात, झोपमोड झालेली पोरं वर डेकवर जमतात. मग अंगावर हिरवा पातळ चिखल ओततात, मेलेल्या माशाचा मुका घ्यायला लावतात, वरुणराजाच्या वेशातल्या कोणासमोर गुडघे टेकायचे आणि झालात तुम्ही विषुववृत्त ओलांडलेले दर्यावर्दी. बरेच जण त्या दिवशी टक्कल करून घेतात, मुलीसुद्धा. मी नाही केलं. शेवटच्या बंदरात, हॅम्बर्गला उतरून थेट मावसबहिणीच्या लग्नाला जायचं होतं.

याच टप्प्यात एक स्टडी डे आला. त्याच्या आदल्या रात्री घड्याळ मागे केलं. भारत आणि मॉरिशस यांच्यात दीड तासाचा फरक आहे. तो प्रवासात टप्प्याटप्प्याने वळता होतो, त्यामुळे पश्चिमेकडे जाताना झोप फुकटात वाढते. (पॅसिफिकपासून पुढे बहुतेक प्रवास पश्चिमेकडेच होता. तुमचा मार्ग उलटा असेल तर हेच तास तुमच्या झोपेतून कापले जातील.)

सकाळ गेली कपडे धुण्यात. लॉन्ड्रीत पिशवी दिली की धुऊन मिळते, पण पैसे पडतात. म्हणून निम्मं जहाज बेसिनमध्ये कपडे धुतं. बादली नाही, मोरी नाही, चौघड्या घालून पिळायला जागा नाही. मी कोचीच्या बाजारातून नायलॉनची दोरी आणि चिमटे घेतले होते. बाथरूममध्ये दोरी ताणल्यावर माझी कॅनडाची रूममेट जरा गोंधळली, पण दुपारपर्यंत तिचेही मोजे त्याच दोरीवर होते. दुपारी जेवताना घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी काढली. उकडलेल्या बटाट्यावर ती झकास लागते.

आमचं जहाज एमव्ही वर्ल्ड ओडिसी, हे मूळचं ‘डॉइचलांड’ नावाचं जर्मन क्रूझ जहाज, १९९८ चं. पितळी कठडे, लाकडी नक्षी, झुंबरं असा जुना थाट आहे. लांबी १७५ मीटर, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रमतगमत गेलात तरी तीनेक मिनिटांत जग संपतं. म्हणूनच दुपारी तीन-चारच्या सुमारास कंटाळा गाठतो. पत्ते झाले, तलावात डुंबून झालं, पेपरचा पहिला परिच्छेद तीनदा लिहून झाला. माझ्या वेळी इंटरनेट मोजून मिळायचं, त्यामुळे फोनमध्ये डोकं खुपसायचीही सोय नव्हती.

मी मागच्या डेकवर जाऊन बसले. विषुववृत्ताजवळ समुद्र अगदी सपाट होता आणि जहाजाच्या कडेने उडणारे मासे सुळकन निघून दूर जाऊन पडत होते. पुढच्या बंदराची माहिती वाचायची होती, ती तिथे वाचली. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत कंत्राटी मजूर न्यायला सुरुवात झाली. ते पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर उतरायचे तो आज अप्रवासी घाट म्हणून जागतिक वारसा आहे. त्यांत मुंबईहून निघालेले कोकणातले, घाटावरचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीची देशभर सरकारी सुट्टी असते. शाळेत याबद्दल एक ओळ वाचल्याचंही मला आठवत नाही. शिडाच्या जहाजात तळाला आठवडेच्या आठवडे बसून हेच पाणी ओलांडलेल्या माणसांबद्दल वाचताना माझी सहा दिवसांची कुरकुर मलाच पोरकट वाटली. पुढे ग्लोबल स्टडीजचा पेपर मी त्याच विषयावर लिहिला, म्हणजे स्टडी डेला थोडाफार अभ्यासही झाला म्हणायचा.

रात्री वरच्या डेकवरचे काही दिवे मालवले होते. कोचीत उत्तरेला जेमतेम दहा अंश वर दिसणारा ध्रुवतारा आता दिसेनासा झाला होता आणि दक्षिणेला त्रिशंकू स्पष्ट होता. कोणीतरी गिटार आणली, ती मात्र आणायला नको होती.

तेव्हा तुम्हाला एवढंच सांगेन की स्टडी डेचे कार्यक्रम आधीपासून आखू नका. जहाजावर क्लब आणि गटांची कमी नाही आणि सगळे तुम्हाला ओढणार. निम्मा दिवस तरी मोकळा ठेवा. दोरी आणि चिमटे घरूनच न्या. एक जाडजूड पुस्तक न्या, कागदी. बोट लागणाऱ्यातले असाल तर उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, जानेवारीतला उत्तर पॅसिफिक दयामाया दाखवत नाही. आणि केबिन निवडायला मिळाली तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधल्या भागातली घ्या, तिथे हेलकावे कमी लागतात. खिडकी नसली तरी बिघडत नाही, सुट्टीच्या दिवशी केबिनमध्ये बसतंय कोण?