शहर वाढतं तसे नव्या भागातले रस्ते एकमेकांना का जोडलेले नसतात? रुंदीकरणाने कोंडी सुटेल का?

नाही सुटणार. दुखणं रुंदीचं नाही, जोडणीचं आहे.

पुण्याचा नकाशा उघडा. सदाशिव पेठेत बोळ अरुंद, पण एक अडला तर दुसऱ्यातून निघता येतं. आता बाणेर-वाकडकडे या. तिथे शेती एकेका गट नंबरप्रमाणे विकली गेली. प्रत्येक बिल्डर आपल्या गटापुरता ले-आउट मंजूर करून घेतो, मधून नऊ मीटरचा रस्ता काढतो आणि हद्दीवर भिंत घालतो. शेजारच्या गटात काही वर्षांनी इमारती उठतात. त्याचा रस्ता वीस मीटर बाजूला येतो, किंवा भराव टाकून जमीनच दोन मीटर वर गेलेली असते. दोघांना जोडणारा डीपी रस्ता (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) मधल्या एका गटाच्या भूसंपादनात अडकतो. दोन्हीकडून डांबर, मध्ये शेत. मग भिंतीपलीकडच्या दुकानात जायलाही मुख्य रस्ताच गाठावा लागतो.

मोजायचं असेल तर चौक मोजा. दर 100 मीटरवर रस्ता असेल तर चौरस किलोमीटरला 100 चौक, दर 200 मीटरवर असेल तर फक्त 25. दुसरं माप: रस्त्याचे तुकडे (चौक ते चौक किंवा चौक ते बंद टोक) भागिले चौक आणि बंद टोकं यांची बेरीज. पूर्ण जाळीत उत्तर 2 कडे जातं, बंद गल्ल्यांच्या वसाहतीत 1 च्या आसपास. 1.4 च्या खाली असेल तर ले-आउट परत पाठवावा.

‘बंद गल्ली शांत असते, गिऱ्हाईक तीच मागतं,’ हे ले-आउट काढणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर. गाड्याच नको आहेत ना? मग खांब रोवा आणि तीन मीटरची पायवाट उघडी ठेवा. भिंत कशाला? एकदा फ्लॅट विकले आणि जागा सोसायटीच्या नावावर गेली की तिथून वाट मिळणं जवळपास अशक्य. म्हणून जे करायचं ते मंजुरीच्या वेळीच. रस्ता थेट हद्दीपर्यंत न्यायचा, शेजारच्या मंजूर नकाशाशी त्याची रेषा आणि पातळी जुळवायची. ले-आउटमध्ये नियमाने सोडायची दहा टक्के खुली जागा रस्त्याच्या टोकाशी कोंबू द्यायची नाही. पुढची जोडणी तिथेच मरते.

मूळ उपाय नगररचना योजना: सगळे गट एकत्र करायचे, आधी रस्ते आखायचे, मग प्रत्येकाला भूखंड परत द्यायचा. अहमदाबाद बरंचसं असंच वाढलं. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यातही तरतूद आहे, वापर मात्र फार थोडा.

टेकडी किंवा ओढा असेल तिथे सरळ जाळी बसत नाही, तो हट्टही नको. आणि पुलाच्या तोंडाशी चार लेनच्या दोन होत असतील, तर तिथे रुंदीकरण कराच.