नवी मुंबईत नेरुळला नवीन आलास? आधी लोकल शिकून घे

मस्कतहून येतोयस, गोंधळ होणारच. पण पंधरा दिवसांत सरावशील, काळजी नको. येताच स्कूटर घ्यायची घाई मात्र करू नकोस. स्टेशनला चालत जाता येईल अशी खोली बघ, निम्मं काम तिथेच होतं.

- कॉलेजच्या ऑफिसातून सवलतीचा फॉर्म घेऊन लोकलचा पास काढ. सेकंडचा पास असेल तर फर्स्टच्या डब्यात चढू नकोस, दंड होतो.
- ठाण्याहून परतताना इंडिकेटर, म्हणजे गाडी कुठे जाणार ते दाखवणारा प्लॅटफॉर्मवरचा फलक, नीट वाच. सगळे नवे इथेच चुकतात! वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते. तुला पनवेल किंवा नेरुळ गाडी हवी. चुकलास तर घाबरू नकोस, वाशीला उतरून पनवेल लोकल पकड.
- रिक्षा मीटरनेच.

एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई महापालिकेच्या बसचे मार्ग नंतर सांगतो.