तुमचे प्रश्न : इन्सुलिनच्या सुया टाकायच्या कुठे?

प्रश्न : बाबांना शुगर आहे, रोज दोनदा इन्सुलिन. सुया कॅरीबॅगमधे बांधून कचऱ्यात टाकायचे. मागच्या महिन्यात घंटागाडीवरच्या ताईंच्या बोटात त्यातलीच एक घुसली, त्या हात पुसून पुढे गेल्या. आता काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी त्या ताईंना गाठा. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, ती वेळ गेली, पण सरकारी हॉस्पिटलमधे तपासणी आणि हिपॅटायटिस बी (रक्तातून पसरणारी कावीळ) ची लस अजून होऊ शकते, तुम्ही सोबत जा म्हणजे त्यांना टाळाटाळ सहन करावी लागणार नाही. आणि बाबांचं रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी साठी तपासून घ्या, रिपोर्ट निगेटिव्ह आले तर ताईंच्या जीवाचा घोर बराच कमी होईल. खरी भीती बी ची असते, लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर १०० पैकी ३० जणांपर्यंत लागण होऊ शकते, एचआयव्हीत हेच प्रमाण १००० ला ३ च्या आसपास. पुढे कधी कुणाला टोचलीच तर लगेच साबणपाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, आणि थेट दवाखाना गाठा.

सुयांसाठी फिनेल किंवा लिक्विड डिटर्जंटची जाड बाटली ठेवा, टोचून झालं की सुई थेट आत. पाऊण भरली की झाकण लावून टेप मारा, वर मोठ्या अक्षरात ‘सुया’ लिहा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत याला घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, ओल्यात नाही सुक्यातही नाही, वेगळा द्यायचा. पालिका वेगळा घेत नसेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्यांच्याकडे सुयांचा पांढरा डबा असतोच, बरेच जण घेतात.

प्रश्न : गावातले डॉक्टर सुई नवी लावतात पण सिरिंज तीच. चालतं का? – एक वाचक, लातूर

उत्तर : अजिबात नाही! सुईतून रक्ताचा अंश सिरिंजमधे मागे येतो, डोळ्यांना दिसतही नाही. २००९ मधे गुजरातेत मोडासा भागात सिरिंज पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे हिपॅटायटिस बी पसरला आणि कितीतरी माणसं गेली. पाकीट माझ्यासमोर फोडा असं स्पष्ट सांगा, यात उद्धटपणा कसला, आणि गोळीने भागतंय का तेही विचारा. इन्सुलिन पेनचंही हेच, सुई बदलली तरी नवरा-बायकोत एक पेन वापरू नका.